आग्नर क्रारूप एर्लांग

आग्नर क्रारूप एर्लांग (१ जानेवारी, १८७८ - ३ फेब्रुवारी, १९२९) हे डॅनिश गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ व अभियंते होते. त्यांना रांगसिद्धांताचे जनक मानले जाते. दूरध्वनी केंद्रांसाठी त्यांनी मांडलेली सूत्रे पुढे रुग्णालयांतील खाटांचे नियोजन आणि बाह्यरुग्ण विभागातील प्रतीक्षाकाळाचे मापन यांसाठीही उपयोगी ठरली.

== जीवन ==
एर्लांग यांचा जन्म डेन्मार्कच्या जटलंड भागातील लोनबोर्ग या गावी झाला. त्यांचे वडील शाळाशिक्षक होते. वय कमी असल्याने विशेष परवानगी घेऊन एर्लांग १४ व्या वर्षी कोपनहेगन विद्यापीठाची प्रवेशपूर्व परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी वडिलांच्या शाळेत अध्यापन केले. १८९६ मध्ये त्यांनी शिष्यवृत्ती मिळवून विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९०१ मध्ये गणित हा मुख्य विषय घेऊन पदव्युत्तर पदवी संपादन केली. पुढील काही वर्षे ते शिक्षक होते.

डॅनिश गणित संघटनेत त्यांची ओळख कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंते व गणितज्ञ योहान येन्सन यांच्याशी झाली. या परिचयातून १९०८ मध्ये ते कंपनीत रुजू झाले. ते अविवाहित होते. गणित, खगोलशास्त्र व भौतिकशास्त्र या विषयांवरील ग्रंथांचा त्यांचा संग्रह मोठा होता. सुमारे वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणासाठी रजा घेतली नव्हती. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी ते रुग्णालयात दाखल झाले आणि काही दिवसांनी वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

== कार्य ==
मर्यादित तारा आणि अनिश्चित वेळी येणारे कॉल यांचा मेळ घालणे हा कंपनीपुढील प्रश्न होता. तारा कमी असल्या तर ग्राहकांना थांबावे लागे. जास्त असल्या तर खर्च वाया जाई. यदृच्छया येणाऱ्या कॉलची संख्या प्वासाँ वितरणानुसार असते, हे एर्लांग यांनी १९०९ मधील शोधनिबंधात दाखवले. १९१७ मध्ये त्यांनी दोन महत्त्वाची सूत्रे प्रसिद्ध केली. सर्व तारा व्यग्र असताना आलेला कॉल नाकारला जाण्याची संभाव्यता पहिल्या सूत्राने मिळते, तर तो रांगेत थांबण्याची संभाव्यता दुसऱ्या सूत्राने मिळते. ही सूत्रे अनुक्रमे एर्लांग बी आणि एर्लांग सी या नावांनी ओळखली जातात.

== आरोग्यसेवेतील उपयोग ==
कॉलच्या जागी रुग्ण आणि तारेच्या जागी डॉक्टर किंवा खाट मानल्यास हीच सूत्रे दवाखान्याला लागू करता येतात. सर्व खाटा भरल्यामुळे रुग्णाला दुसरीकडे पाठवावे लागत असेल तेथे पहिले सूत्र वापरतात. रुग्ण बाकावर बसून थांबत असतील तेथे दुसरे.

उदाहरणार्थ, रुग्ण यदृच्छया येतात, तपासणीस सरासरी ५ मिनिटे लागतात आणि हा वेळ घातांकी वितरणानुसार बदलतो, असे मानू. एकाच डॉक्टरचा ८० टक्के वेळ तपासणीत जात असेल, तर रुग्णाला सरासरी २० मिनिटे थांबावे लागते. हे प्रमाण ९० टक्के झाल्यास प्रतीक्षा ४५ मिनिटांची आणि ९५ टक्के झाल्यास ९५ मिनिटांची होते. म्हणजेच डॉक्टरचा क्षणही रिकामा जाऊ नये असे नियोजन केल्यास रांग झपाट्याने वाढते आणि तिचे कारण कोणाचा आळस हे नसते. याउलट रुग्णसंख्या व डॉक्टर दोन्ही दुप्पट करून रांग एकच ठेवली, तर ८० टक्के भार कायम असूनही प्रतीक्षा सुमारे ९ मिनिटांवर येते.

वेळ ठरवून रुग्ण बोलावले जातात, तेव्हा त्यांचे येणे पूर्णपणे यदृच्छ राहत नाही. अशा व्यवस्थेचा अभ्यास ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी केला आणि १९५२ मध्ये बाह्यरुग्ण विभागांविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. आरंभी दोन रुग्णांना एकदम बोलावून पुढील रुग्णांना सरासरी तपासणीकाळाच्या अंतराने वेळ द्यावी, असे त्यांनी सुचवले. या पद्धतीत डॉक्टर सहसा रिकामे राहत नाहीत आणि रुग्णांचा वेळही वाचतो. मात्र त्यासाठी रुग्णांच्या येण्याची, आत जाण्याची व बाहेर पडण्याची वेळ नोंदवणे आवश्यक ठरते.

== स्मृती ==
१९४६ मध्ये दूरध्वनीवरील भार मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय एककास एर्लांग हे नाव देण्यात आले. एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकात विकसित झालेली एक संगणकीय आज्ञावली भाषाही याच नावाने ओळखली जाते.