घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाची 'थ्री नॉट थ्री' : जेम्स ली यांची गोष्ट

'थ्री नॉट थ्री' म्हणजे काय, हे अमरावती-अकोल्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोलिस परेड पाहिलेल्या, एनसीसीत गेलेल्या किंवा घरात होमगार्ड असलेल्या प्रत्येकाने हा शब्द ऐकलेला असतो. पण थ्री नॉट थ्री हे बंदुकीचं नाव नाही, ते नळीचं माप आहे. इंचाचे हजार भाग केले, तर त्यातले ३०३ भाग. बंदुकीचं खरं नाव ली-एनफिल्ड.

यातलं एनफिल्ड हे इंग्लंडमधलं गाव, तिथे सरकारी बंदूक कारखाना होता. आणि ली? हा ली सैनिक नव्हता, सेनापती नव्हता. तो घड्याळजी होता. जुन्या बंदुकीला नवा भाग बसवून तिचं काम बदलून टाकायचं, यात त्याचं आयुष्य गेलं.

आधी अडचण काय होती?

ती समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला मोठी लढाई झाली. इंग्रजांच्या कागदपत्रांत ती 'आरगाव' म्हणून सापडते. एका बाजूला नागपूरकर भोसले आणि शिंदे यांची फौज, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. मराठी फौज हरली आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगडही पडला.

या लढायांतल्या बंदुका तोंडाकडून भरायच्या. काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची, वरून गोळी टाकायची, गजाने ठासायची आणि मग चाप ओढायचा. सराव झालेला शिपाईही मिनिटाला दोन-तीनच गोळ्या झाडू शकायचा. शिवाय भरण्यासाठी सहसा उभं राहावं लागायचं, म्हणजे समोरच्याला आयतं लक्ष्य मिळायचं.

पुढची पन्नास वर्षं जगभरच्या फौजा साधारण याच पद्धतीने लढल्या. त्यामुळे १८६० च्या सुमारास प्रत्येक मोठ्या देशाकडे तोंडाने भरायच्या लाखो बंदुका पडून होत्या. मागून काडतूस भरायची युक्ती निघाली होती, पण एवढा माल भंगारात टाकणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

बारा वर्षांचा पोरगा आणि बापाचं पिस्तूल

जेम्स पॅरिस ली यांचा जन्म ९ ऑगस्ट १८३१ रोजी स्कॉटलंडमधल्या हॉविक गावी झाला. ते लहान असतानाच कुटुंब कॅनडात गेलं आणि गॉल्ट नावाच्या गावी स्थिरावलं. वडील घड्याळांच्या धंद्यात होते. जेम्स यांनीही तेच काम शिकून घेतलं.

पण डोक्यात बंदूक होती. बाराव्या वर्षी त्यांनी वडिलांचं एक जुनं पिस्तूल घेतलं. घोडेस्वार खोगिराला अडकवून ठेवायचे, त्या प्रकारचं. त्याला अक्रोडाच्या लाकडाचा नवा दस्ता कोरून बसवला. रंजक, म्हणजे पेट घ्यायची दारू, ठेवायला वाटी लागते. ती त्यांनी चक्क दगडी कोळशाच्या तुकड्यातून कोरली.

ती बंदूक काही धड चालली नाही. पण पुढची साठ वर्षं त्यांनी जे केलं, त्याची सुरुवात इथेच झाली.

मोठे झाल्यावर ली घड्याळांचं दुकान चालवू लागले, लग्न केलं आणि पुढे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहायला गेले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. स्प्रिंगफिल्ड नावाची तोंडाने भरायची बंदूक तिथे हजारो सैनिकांच्या हातात होती. ली यांनी याच बंदुकीसाठी एक बदल सुचवला. नळी, दस्ता, चाप जुनंच ठेवायचं. फक्त मागचा भाग असा करायचा, की तिथून काडतूस आत सरकवता येईल.

ही कल्पना सुचलेले ते एकटे नव्हते. ब्रिटनने १८६६ मध्ये आपल्या जुन्या एनफिल्ड बंदुकांना स्नायडर यांनी काढलेला मागून उघडणारा भाग बसवायला सुरुवात केली. ही तीच एनफिल्ड, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ मध्ये भारतात ठिणगी पडली होती.

शंभराव्या भागाने घात केला

युद्धाच्या शेवटी ली यांना अमेरिकन सरकारकडून १,००० कार्बाइनची, म्हणजे घोडेस्वारांच्या आखूड बंदुकांची, ऑर्डर मिळाली. त्यासाठी मिलवॉकी शहरात कंपनी उभी राहिली. पण नळीच्या मापावरून वाद झाला. सरकारला हवं असलेलं माप एक आणि बनलेल्या नळ्यांचं दुसरं. फरक इंचाच्या काही शंभराव्या भागांचा. सरकारने बंदुका घ्यायला नकार दिला.

ज्या माणसाचं आयुष्य घड्याळाच्या बारीक चाकांत गेलं, त्याचा पहिला मोठा धंदा मापावरून बुडावा, हे दुर्दैवच. पण ली थांबले नाहीत. त्यांनी नवनवे आराखडे करणं चालूच ठेवलं.

एका डबीची किंमत

१८७९ मध्ये त्यांनी एका रायफलचं पेटंट घेतलं. तिच्यात बोल्टच्या बरोबर खाली पत्र्याची एक डबी होती. डबीत एकावर एक काडतुसं आणि तळाला स्प्रिंग. बोल्ट मागे ओढला की रिकामं टोपण बाहेर. पुढे ढकलला की स्प्रिंगने वर आणलेलं नवं काडतूस नळीत. शिवाय डबी बंदुकीपासून सुटी करता यायची.

तोवरच्या बऱ्याच रायफलींमध्ये काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक ठेवत. एकाचं टोक दुसऱ्याच्या बुडाला टेकायचं. टोकदार गोळी असेल, तर धक्क्याने आतच बार उडण्याची भीती. ली यांच्या डबीने ती भीती घालवली. आज पिस्तूल पाहा की एके-४७, खालून लागणारं मॅगझिन सगळीकडे दिसतं. त्याच्या मुळाशी ली यांची ही डबी आहे.

पण नशीब इथेही आडवं आलं. रायफल बनवायला घेतलेली शार्प्स कंपनी बंद पडली. मग रेमिंग्टन कंपनीने ते काम उचललं. अमेरिकन नौदलाने काही रायफली घेतल्या, पण ली यांची पद्धत मनावर घेतली ती ब्रिटनने.

१८८८ मध्ये ब्रिटिश फौजेने ली यांचा बोल्ट आणि डबी, त्याला मेटफर्ड यांनी आखलेली नळी, अशी रायफल स्वीकारली. तिचं नाव ली-मेटफर्ड. काही वर्षांत धूर न करणारी नवी दारू आली. ती इतकी तापायची, की मेटफर्ड यांच्या नळीतल्या उथळ खाचा लवकर झिजायला लागल्या. मग काय केलं? बंदूक फेकून नाही दिली. फक्त नळी बदलली. एनफिल्डच्या कारखान्यात खोल खाचांची नळी तयार झाली आणि १८९५ मध्ये नाव पडलं ली-एनफिल्ड. मेटफर्ड गेले, ली राहिले.

२४ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ली यांचं निधन झालं. त्यांच्या नावाची रायफल पुढे दोन महायुद्धं लढली. सराव झालेला शिपाई तिच्यातून मिनिटाला नेम धरून पंधरा गोळ्या झाडायचा. अडगावच्या लढाईशी तुलना करून पाहा. या घराण्यातल्या सुमारे १ कोटी ७० लाख रायफली बनल्या, असा अंदाज आहे.

भारतात तिची किती रूपं झाली!

इंग्रजांनी बंगालमधल्या इशापूरला ही रायफल बनवायला सुरुवात केली. १९१९ मध्ये जालियनवाला बागेत लोकांवर रोखल्या गेल्या, त्याही .३०३ रायफलीच.

पण १८५७ पासून इंग्रजांच्या मनात एक धास्ती होती. चांगली बंदूक भारतीय पोलिसाच्या हातात दिली आणि ती उलटली तर? म्हणून त्यांनी ली-एनफिल्डचं मुद्दाम कमी ताकदीचं रूप काढलं. नळीच्या आतल्या खाचा गेल्या, माप .४१० झालं आणि ली यांची डबी जिथे असायची तिथे लाकडाचा ठोकळा. एका वेळी एकच गोळी. हीच ती पोलिसांची मस्कट. ज्या भागामुळे ली यांचं नाव झालं, नेमका तोच भाग इंग्रजांनी बाद केला.

एक गोळी असली, तरी ती माणूस मारायला पुरते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावली आणि बेनोड्याच्या लोकांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. आज या दोन्ही गावांच्या नावापुढे 'शहीद' लागतं.

सरावासाठी याच रायफलीचं .२२ रूप निघालं. एनसीसीच्या अनेक पिढ्यांनी पहिली गोळी त्यातूनच झाडली. फौजी मापाची काडतुसं खासगी लोकांना मिळू नयेत, असा सरकारचा नियम होता. म्हणून शिकारीसाठी ली यांचाच बोल्ट ठेवून .३१५ मापाची रायफल आली. ते माप आजही आपल्याकडे परवान्यावर मिळतं. .३०३ मात्र सामान्य माणसाला प्रतिबंधित आहे.

१९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने आणखी एक रूप काढलं. रायफल जुन्याच आराखड्याची, पण पोलाद जास्त मजबूत आणि काडतूस ७.६२ मिलिमीटरचं. पोलाद का बदललं? ली यांचा बोल्ट मागच्या बाजूने अडकतो. त्यामुळे तो झरझर चालतो, पण जास्त जोराच्या काडतुसाचा ताण त्याला सोसत नाही. जुन्याला नवं जोडताना कुठे थांबायचं, हेही याच रायफलीने शिकवलं.

आजचे नवे सुटे भाग

दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो ली-एनफिल्ड फौजांना नकोशा झाल्या आणि अमेरिका, कॅनडासारख्या देशांत अगदी स्वस्तात विकल्या गेल्या. लोकांनी लांब लाकूड कापलं, दुर्बीण बसवली, शिकारीची रायफल केली. आता तर प्लॅस्टिकचे दस्ते, नवी मॅगझिन आणि दुर्बिणीचे तयार माउंट बाजारात मिळतात. इशापूरच्या रायफलीही तिकडे पोचल्या आणि त्यातल्या कित्येक आखूड करून विकल्या गेल्या. गंमत म्हणजे, आज संग्राहक मूळ, न कापलेल्या रायफलीलाच जास्त पैसे मोजतात. कापलेलं लाकूड पुन्हा जोडता येत नाही.

भारतात हा छंद चालत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं किंवा तिच्यात फेरबदल करणं गुन्हा आहे. वऱ्हाडात रोही आणि रानडुकरं पीक खातात, म्हणून पीक संरक्षणाचा परवाना घेणारे शेतकरी आहेत. त्यांनाही दुरुस्ती परवानाधारक दुकानातच करावी लागते. ऑनलाइन व्हिडिओ पाहून घरी प्रयोग केला, तर बंदूकही जाईल आणि परवानाही. जुनी नळी फुटली, तर हातही.

आणि शेवट?

२६/११ च्या रात्री मुंबईत एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री होती, तेव्हा तिचं वय सगळ्या देशाने पाहिलं. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला निरोप दिला.

पण त्या रात्री जी पोलिसांकडे होती आणि जी अतिरेक्यांकडे होती, त्या दोन्ही बंदुकांना खालून मॅगझिनच लागत होतं. जेम्स ली यांनी घडवलेली ती डबी पुढे कुणाच्या हाती जाईल, यावर त्यांचा काहीच ताबा राहिला नव्हता. जालियनवाला बागेत रोखलेली रायफल आणि एनसीसीच्या पोराने नेम शिकायला घेतलेली रायफल, दोन्हींच्या मुळाशी एकाच घड्याळजीचं डोकं होतं.