हिरोशिगे : फुला-पक्ष्यांचा चित्रकार



जयगडच्या खाडीला ओहोटी लागली की उथळ पाण्यात पांढरा बगळा निश्चल उभा राहतो आणि काठावरच्या फांदीवरून खंड्या पाण्यात सूर मारतो. हे दृश्य तुम्हांला परके नाही. असाच बगळा आणि असाच खंड्या सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका जपानी चित्रकाराने काष्ठठशांद्वारे कागदावर उतरवला. त्या उतागावा हिरोशिगेचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत.

हिरोशिगेचा जन्म १७९७ मध्ये एडो येथे, म्हणजे आजच्या टोकियोत झाला. त्याचे वडील शोगुनच्या सेवेतील अग्निशमन पथकात कनिष्ठ अधिकारी होते. लाकडी घरांच्या त्या नगरात आगीची धास्ती नित्याचीच होती. १८०९ मध्ये आई आणि पाठोपाठ वडील निवर्तले व ते वंशपरंपरागत पद कोवळ्या वयातच त्याच्याकडे आले. १८११ च्या सुमारास तो तोयोहिरो या चित्रकाराचा शिष्य झाला. लवकरच त्याला ‘हिरोशिगे’ हे कलानाम मिळाले. त्यातील ‘हिरो’ हा अंश गुरूच्या नावातून आला आहे, हे भाषेचे विद्यार्थी म्हणून तुमच्या लक्षात आलेच असेल.

अनेक वर्षे त्याने नोकरी आणि चित्रकला दोन्ही सांभाळल्या. १८३२ च्या सुमारास पद वारसाकडे सोपवून तो कलेकडे पूर्णपणे वळला. तोकाइदो या राजमार्गावरील ५३ मुक्कामांच्या चित्रमालेने त्याला कीर्ती दिली. याच दशकात त्याने ‘काचो-ए’ प्रकारची अनेक चित्रे केली. ‘का’ म्हणजे फूल, ‘चो’ म्हणजे पक्षी आणि ‘ए’ म्हणजे चित्र. या नावातच फूल आणि पक्षी जोडीने येतात. चित्रातही बगळ्याशेजारी आयरिस, तर खंड्याशेजारी हायड्रेंजिया फुललेले दिसते. फुलावरून ऋतू कळतो. पुष्कळदा कडेला एखादी कविताही कोरलेली असते.

आता या चित्रांच्या निर्मितीकडे लक्ष द्या. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करी. कोरक्या तो कागद चेरीच्या लाकडी फळीवर पालथा चिकटवून रेषा तेवढ्या राखी व उरलेले लाकूड कोरून काढी. त्यात मूळ रेखाटन नष्ट होई. पुढे रंगांसाठी वेगळे ठसे कोरले जात. मुद्रक एकेक रंग हाताने दाबून उमटवी आणि प्रकाशक खर्चाचा भार उचली. म्हणजे आपल्यासमोर येणारी रेषा हिरोशिगेची असली, तरी ती कोरक्याच्या हातून आलेली असते.

१८५६ मध्ये हिरोशिगेने बौद्ध भिक्षूची दीक्षा घेतली. तरीही एडोच्या प्रसिद्ध स्थळांची अखेरची मोठी चित्रमाला त्याने चालूच ठेवली. १८५८ मध्ये नगरात पटकीची साथ पसरली. त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. तो या साथीतच झाला असे मानले जाते. १८८७ मध्ये पॅरिसमध्ये व्हॅन गॉगने त्या मालेतील दोन चित्रांच्या तैलरंगात प्रतिकृती केल्या. हिरोशिगेचे नाव जगभर झाले. त्याच्या रेषा कोरणाऱ्या बहुतेक हातांची नावे मात्र सामान्य रसिकाला ठाऊक नाहीत.

विचार करा : जात्यावरची ओवी अनेक कंठांतून आपल्यापर्यंत आली. तिचा कर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधताना हिरोशिगेचे चरित्र तुम्हांला कोणती दिशा दाखवते?