विद्यार्थ्यांसाठी कर्जबाजारी झालेला गायनाचार्य
- विशेष प्रतिनिधी

विद्यापीठाच्या संगीत विभागात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आज नियमित अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी या गोष्टी नवलाच्या वाटत नाहीत. वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि शिक्षण संपल्यावर शिक्षकाची नोकरी ही त्याची साधी अपेक्षा असते. सव्वाशे वर्षांपूर्वी या देशात गाणे शिकू पाहणाऱ्या मुलाला यांपैकी बहुतेक गोष्टी स्वप्नातही दिसत नसत. ते स्वप्न पाहून त्यासाठी स्वतःची सारी कमाई, आणि अखेरीस राहते छप्परही, पणाला लावणाऱ्या माणसाचे नाव पंडित विष्णू दिगंबर पलुसकर. ऑगस्ट महिना त्यांच्या जन्माचा आणि मृत्यूचाही. 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे त्यांचा जन्म झाला आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांनी देह ठेवला. या 59 वर्षांचा हिशेब मांडताना त्यांच्या गायकीविषयी नेहमीच भरभरून लिहिले जाते; विद्यार्थ्याच्या पोटापाण्याची त्यांनी जी काळजी वाहिली, तिच्याविषयी मात्र त्या मानाने कमी बोलले जाते.

पलुसकरांचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुसकर झाले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते, त्यामुळे घरात सूर होता. पण मुलाने शाळा शिकून मार्गाला लागावे अशीच तेव्हाच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घराची अपेक्षा असे. दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाचा भडका उडून बालवयातच विष्णूची दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षणाची वाट बंद झाली. उपचारांसाठी तो मिरजेला आला. तेथील डॉक्टर भडभडे यांनी या मुलाला गाणे शिकवावे असा सल्ला दिला. मिरजेत तेव्हा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविणारे हे थोर गवई. संस्थानिकांच्या आश्रयाने विष्णू त्यांच्याकडे शिकू लागला आणि 1896 पर्यंत शिकत राहिला.

या शिक्षणात त्याने दोन गोष्टी जवळून पाहिल्या. पहिली म्हणजे गुरुगृहीच्या विद्येची खोली. दुसरी म्हणजे त्या विद्येची किंमत. ही विद्या मिळविण्यासाठी खुद्द बाळकृष्णबुवांना तरुणपणी अपार हालअपेष्टा सोसाव्या लागल्या होत्या. शिष्याने गुरूच्या घरची कामे करायची, मर्जी सांभाळायची आणि तालीम केव्हा मिळेल याची वाट पाहायची, अशी ती रीत. शिक्षण किती वर्षांत पुरे होईल हे कोणी सांगत नसे आणि पुरे झाल्यावर पोट कसे भरेल याचीही शाश्वती नसे. एखाद्या दरबारात आश्रय मिळाला तर ठीक, नाहीतर वणवण ठरलेली.

गवयाला समाजात मान किती, याचेही उत्तर मिरजेतच मिळाले. एका सार्वजनिक समारंभाचे निमंत्रण तरुण विष्णूला आले, पण ज्यांच्यापाशी तो शिकत होता त्या बुवांना आले नाही. कारण विचारले तेव्हा, गवयाला अशा सभेत कशाला बोलवायचे, अशा आशयाचे उत्तर मिळाले. पलुसकरांच्या चरित्रात हा प्रसंग नेहमी सांगितला जातो, आणि तो कलाटणी देणारा प्रसंग म्हणून सांगितला जातो. विद्या कितीही थोर असली तरी विद्यावंताची सोय आणि प्रतिष्ठा आपोआप येत नाही, ती उभी करावी लागते, हे त्यांच्या मनाने घेतले.

1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा असा प्रवास करीत ते उत्तरेकडे निघाले. वाटेत सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल; परंतु राजाच्या बैठकीऐवजी चार पैसे मोजून आलेल्या सामान्य श्रोत्यांपुढे गाणे, ही त्या काळी नवीच गोष्ट होती. संगीताला राजाश्रयाऐवजी लोकाश्रय मिळू शकतो, हा हिशेब त्यांच्या मनात येथूनच पक्का झाला असावा.

5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केले. संगीताच्या शाळा त्याआधी नव्हत्या असे नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्षांची शाळा 1886 पासून चालत होती. लाहोरच्या शाळेचे वेगळेपण असे की तिच्या पाठीशी कोणाचे संस्थान नव्हते. विद्यार्थ्यांची फी, लोकांच्या देणग्या आणि पलुसकरांच्या मैफलींचे उत्पन्न यांवर ती चालायची होती. आरंभीचे दिवस कसोटीचे गेले. विद्यार्थीच येत नसत. पलुसकर ठरलेल्या वेळी वर्गात जाऊन तंबोरा लावून एकटेच गात बसत, असे सांगतात. हळूहळू विद्यार्थी येऊ लागले आणि स्त्रियांसाठीही वर्ग उघडले गेले. हौशी विद्यार्थी फी भरून ठरावीक वेळी शिकून जात. परंतु पलुसकरांचा खरा प्रकल्प दुसराच होता.

त्या प्रकल्पाचे नाव उपदेशक वर्ग. संगीताला आयुष्य वाहू इच्छिणाऱ्या, पण घरची ऐपत नसलेल्या मुलांसाठी हा वर्ग होता. अशा मुलाच्या पालकाशी 9 वर्षांचा करार होई. त्या काळात मुलाचे शिक्षण, राहणे आणि जेवण विद्यालयाकडे. मोबदल्यात त्याने शिकत शिकत खालच्या वर्गांना शिकवायचे. अनेक मुले महाराष्ट्रातून थेट पंजाबात गेली. मिरजेचे विनायकराव पटवर्धन त्यांतलेच एक. आजच्या भाषेत बोलायचे तर ही शिष्यवृत्ती होती, वसतिगृह होते आणि अध्यापनाचे प्रशिक्षणही होते. गुरुकुलाचा सहवास त्यात राहिला होता आणि शिक्षणाचा काळ किती, ही अनिश्चितता मात्र गेली होती.

बाकीची व्यवस्थाही याच दृष्टीने लावलेली दिसते. वर्गवार अभ्यासक्रम ठरला. स्वरलिपी तयार झाली. त्या लिपीतील क्रमिक पुस्तके छापण्यासाठी स्वतःचा छापखाना निघाला. वाद्ये तयार करण्याची व दुरुस्त करण्याची सोय झाली. परीक्षा आणि पदव्या सुरू झाल्या. दौऱ्यावर निघताना पलुसकर शिष्यांना बरोबर नेत. साथीला बसता बसता मुलांना सभेत बसण्याची, श्रोत्यांना सामोरे जाण्याची सवय होई. स्वरलिपीने गाणे शिकता येते काय, वर्गात पंचवीस मुलांना एकदम शिकवून गवई घडतो काय, असे आक्षेप तेव्हाही घेतले गेले आणि आजही घेतले जातात. ते अगदीच निराधार नाहीत. पलुसकरांनाही त्याची कल्पना होती. सर्वसाधारण वर्गातून तानसेन नव्हे, तर जाणता श्रोता तयार व्हावा, हीच त्यांची अपेक्षा होती. गवई घडवायचा तो उपदेशक वर्गात, अहोरात्र सहवासात.

1908 मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि कामाचा मुख्य भार मुंबईवर आला. व्याप वाढला तशी स्वतःच्या इमारतीची गरज भासू लागली. सँडहर्स्ट रोडवर विद्यालय आणि वसतिगृह यांसाठी वास्तू उभी राहिली, ती बरीचशी कर्जावर. देणग्यांची वचने आणि मैफलींचे उत्पन्न यांच्या भरवशावर कर्ज फिटेल असा अंदाज होता. तो चुकला. फुकट राहणाऱ्या आणि जेवणाऱ्या विद्यार्थ्यांचा खर्च दरमहा ठरलेला होता आणि जमेची बाजू मात्र एका माणसाच्या गळ्यावर अवलंबून होती. गवई दौऱ्यावर असेपर्यंत पैसा येई. तो थांबला की येणे थांबे आणि व्याज मात्र थांबत नसे. अखेर 1924 मध्ये सावकारीपायी मुंबईची वास्तू लिलावात गेली.

याच काळात पंडित विष्णू नारायण भातखंडे यांचे कार्य सुरू होते. ग्वाल्हेरला 1918 मध्ये त्यांच्या प्रेरणेने निघालेल्या माधव संगीत महाविद्यालयामागे शिंदे सरकार होते. लखनौच्या 1926 च्या मॅरिस कॉलेजला तर प्रांताच्या गव्हर्नरांचेच नाव होते. या दोन्ही संस्था टिकल्या आणि लखनौच्या संस्थेला पुढे विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. दोन विष्णूंच्या मतभेदांची चर्चा पुष्कळ होते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यांच्यातील मोठा फरक कदाचित हाच, की एकाच्या संस्थांमागे शासनाची तिजोरी होती आणि दुसऱ्याने सारा भार स्वतःच्या अंगावर घेतला होता.

लिलावानंतर पलुसकर नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहू लागले. ओढा भक्तीकडे वळला होता, मोजके शिष्य भोवती होते. घरचे दुःखही लहान नव्हते. त्यांच्या बारा अपत्यांपैकी दत्तात्रेय हा एकच मुलगा मोठा झाला. 1921 मध्ये जन्मलेला हा मुलगा वडील गेले तेव्हा अवघ्या दहा वर्षांचा होता.

वास्तू गेली, पण 9 वर्षांच्या करारांचे मोल त्यानंतर कळले. ओंकारनाथ ठाकूर यांच्यावर 1916 मध्ये, ऐन विशीच्या उंबरठ्यावर, लाहोरच्या विद्यालयाची जबाबदारी सोपवली गेली होती. पुढे 1950 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे शिक्षण सुरू झाले ते त्यांच्याच नेतृत्वाखाली. नारायण मोरेश्वर खरे यांना पलुसकरांनी गांधीजींच्या साबरमती आश्रमात धाडले. आश्रमाच्या प्रार्थनेला त्यांनी सूर दिला आणि 1930 च्या दांडीयात्रेतही ते चालले. बी. आर. देवधर यांनी 1925 मध्ये मुंबईत स्वतःचे विद्यालय काढले. दहा वर्षांनी तेथेच एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा शिकायला आणि राहायला आला, तो म्हणजे कुमार गंधर्व. गुरूने विद्यार्थ्याला घरात ठेवून घ्यायचे, ही पलुसकरांची रीत देवधरांनी अशी पुढे चालवली. विनायकराव पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय उभे केले. पलुसकरांच्या निधनाच्या वर्षीच, 1931 मध्ये, शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. पुढे अखिल भारतीय झालेल्या या मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंतच्या परीक्षा आजही देशभर होतात, आणि विद्यापीठाच्या संगीत विभागाची पायरी चढणारा कितीतरी विद्यार्थी हातात विशारदचे प्रमाणपत्र घेऊनच येतो.

आणि तो दहा वर्षांचा मुलगा? वडिलांनी ज्यांना फुकट शिकवले, जेवू घातले, त्यांनीच त्याला शिकवले. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी आपल्या गुरूच्या मुलाला आपल्या गुरूचीच विद्या दिली. 1935 मध्ये, चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात त्याने गाऊन दाखवले. पुढे द. वि. पलुसकर या नावाने त्याने श्रोत्यांच्या मनात घर केले. 1955 मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षीच तो गेला, ही महाराष्ट्राची हानी.

पलुसकरांच्या आयुष्याकडे केवळ त्यागाची कथा म्हणून पाहणे सोयीचे आहे; पण त्यात व्यवहाराचा एक प्रश्नही आहे आणि तो अजून सुटलेला नाही. गाण्याचा विद्यार्थी तयार व्हायला वर्षे लागतात आणि त्या वर्षांत त्याचे हात कमावते नसतात. त्या वर्षांचा खर्च कोणीतरी करावा लागतो. पूर्वी तो दरबाराने केला, नाहीतर विद्यार्थ्याने स्वतःच्या हालअपेष्टांनी भरून काढला. पलुसकरांनी तो समाजाने करावा म्हणून धडपड केली, आणि समाज पुरेसा पुढे आला नाही तेव्हा उरलेली रक्कम स्वतःच्या नावावर मांडली. आज विद्यापीठे आहेत, विभाग आहेत, शिष्यवृत्त्याही आहेत. तरीही खेड्यातून शहरात आलेल्या एखाद्या मुलीला रियाझासाठी खोली मिळते काय, तंबोरा विकत न घेता वापरायला मिळतो काय, पदवीनंतर शिक्षकाची कायम जागा तिची वाट पाहत असते काय, हे प्रश्न कोणत्याही संगीत विभागाने स्वतःला विचारून पाहावेत. लाहोरच्या त्या शाळेने, कोणतेही अनुदान नसताना, या तिन्ही प्रश्नांना 1901 नंतरच्या काही वर्षांतच हात घातला होता.