आगकाड्या नाचविणारा माणूस : दादासाहेब फाळके

सुट्टीच्या दिवशी कोणत्याही घरात डोकवा, लहान मुले टीव्हीपुढे किंवा मोबाइलपुढे बसलेली दिसतील आणि पडद्यावर बहुधा यंत्रमानवांची हाणामारी चाललेली असेल. मालमोटारीचा बघता बघता यंत्रमानव होतो, पुन्हा मालमोटार होतो. या प्रकारातले सर्वांत गाजलेले नाव 'ट्रान्सफॉर्मर्स'. १९८४ साली अमेरिकेत ही मालिका सुरू झाली तेव्हा तिची चित्रे माणसे हाताने काढीत. १९९६ साली तिच्याच कुळातली 'बीस्ट वॉर्स' ही मालिका आली, ती मात्र संपूर्णपणे संगणकावर घडविलेली होती. पुढे २००७ च्या चित्रपटात ऑप्टिमस प्राइम नावाचा जो यंत्रमानव उभा राहिला, त्याच्या अंगात दहा हजारांहून अधिक सुटे भाग होते आणि त्याचे एकेक चित्र तयार करायला संगणकालाही कित्येक तास लागत.

हे सारे वाचून कोणी दिपून जाईल. परंतु संगणक येथे करतो ते मुळात काय? जिला जीव नाही अशी वस्तू घ्यायची, तिचे एक चित्र घ्यायचे, ती तिळभर सरकवायची, दुसरे चित्र घ्यायचे, आणि अशी शेकडो चित्रे भरभर डोळ्यांपुढून न्यायची. डोळा फसतो, वस्तू चालू लागते. संगणकाने तिळभर सरकविण्याचा हिशेब आपल्या अंगावर घेतला, एवढेच. ही तिळभर सरकविण्याची हमाली आपल्या शेजारच्या नाशकात १९१५ च्या सुमारास एक माणूस करीत होता. त्याच्यापाशी यंत्रमानव नव्हता. आगकाड्या होत्या. त्या छोट्या चित्रपटाचे नाव 'आगकाड्यांची मौज' आणि तो करणारे दादासाहेब फाळके.

दादासाहेबांना आपण सगळे एका वाक्यात ओळखतो : भारतीय चित्रपटाचे जनक. सामान्य ज्ञानाच्या परीक्षेत हे वाक्य एका गुणाचे असते आणि तेथेच त्यांचे चरित्र संपते. मला मात्र त्यांच्या पहिलेपणापेक्षा त्यांच्या हातांचे कुतूहल जास्त आहे. (पहिलेपणावर वादही आहे, तोरण्यांचा 'पुंडलिक' १९१२ च्या मे महिन्यात पडद्यावर आला होता. पण तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता. तो वाद विद्वानांनी खुशाल चालवावा.)

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलगाही पोथ्या पुढे घेऊन बसेल अशीच कोणाचीही कल्पना. पण मुलाचे चित्त रंगात आणि सोंगात. वडिलांना मुंबईला अध्यापनाची नोकरी लागली आणि कुटुंब तिकडे गेले. १८८५ साली धुंडिराजाने जे. जे. कलाशाळेत नाव घातले. पुढे थोरल्या भावाबरोबर बडोद्याला जाऊन तो सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात शिकला. चित्रकला, छायाचित्रण, साचे घेणे, वास्तुकला, जे दिसेल ते. १८९२ साली अहमदाबादच्या प्रदर्शनात त्याने नाट्यगृहाची एक आदर्श प्रतिकृती मांडली, तिला सुवर्णपदक मिळाले. कलाभवनातले प्राध्यापक गज्जर यांनी या विद्यार्थ्याला तेथील छायाचित्रणाची सगळी सामग्री वापरायला मोकळी दिली. आम्हां विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेच्या किल्लीसाठी किती अर्ज करावे लागतात हे आठवून गज्जरांविषयीचा आदर दुणावतो.

नंतर गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचे दुकान थाटले. तेथे १९०० च्या प्लेगात त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेली. दुकान मोडले. मग काही काळ नाटकांचे पडदे रंगविले. एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले आणि आपल्याच आडनावाची अक्षरे उलटीपालटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करू लागले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या दुसऱ्या पत्नी म्हणजेच सरस्वतीबाई. त्यांच्याविषयी पुढे सांगायचेच आहे. १९०३ पासून पुराणवस्तुसंशोधन खात्यात छायाचित्रकाराची सरकारी नोकरी केली. वंगभंगाच्या चळवळीचे वारे आले तेव्हा तीही सोडली. लोणावळ्याला ठसे आणि छपाईचा कारखाना काढला, राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचे काम केले, १९०९ साली यंत्रे आणायला जर्मनीला जाऊन आले. धंदा चांगला चालला आणि भागीदारांशी बिनसले. दादासाहेब बाहेर पडले. भागीदारांशी बिनसणे हा त्यांच्या आयुष्यातला कायमचा पाठ आहे. त्यांचा स्वभाव हट्टी होता, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

एखाद्याला वाटेल, चाळिशीपर्यंत या माणसाने नुसत्या उड्या मारल्या. मला तसे वाटत नाही. जादूगाराला प्रेक्षकांची नजर कोठे गुंतवायची ते कळते. ठसे करणाऱ्याला एका चित्रावर दुसरे चित्र केसभरही न सरकता बसवावे लागते. प्रतिकृती करणाऱ्याला लहान वस्तू मोठी भासविता येते. पुढे चित्रपटात या सगळ्यांचे काम पडले.

मुंबईत गिरगावात तंबूतल्या सिनेमात त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण असे कधी दिसतील, या विचाराने त्यांना पछाडले. पुढचे काही महिने मुंबईत येईल तो चित्रपट पाहायचा, रात्र रात्र जागून त्याचा विचार करायचा, हाच उद्योग. झोप नाही, विश्रांती नाही. डोळ्यांवर एवढा ताण आला की काही काळ दृष्टीच गेली. चित्रकार आणि छायाचित्रकार माणूस, पदरी संसार, उत्पन्न थांबलेले आणि डोळ्यांपुढे अंधार! सुदैवाने औषधोपचाराने दृष्टी परत आली. दुसरा कोणी असता तर पुन्हा त्या वाटेला गेला नसता. यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनची बोट गाठली. तेथे चित्रपटविषयक साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्या कचेरीत ओळखदेख नसताना शिरले. त्यांच्यामार्फत हेपवर्थ या चित्रपटनिर्मात्याचा स्टुडिओ पाहिला, काम शिकून घेतले, विल्यमसन कॅमेरा खरेदी केला आणि १ एप्रिल १९१२ रोजी परतले.

कॅमेरा आला, पण चित्रपटाला पैसा कोण देणार? येथे दादासाहेबांनी जे केले ते मला 'राजा हरिश्चंद्रा'हूनही मोठे वाटते. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा त्यापुढे रोखून ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ, दिवसामागून दिवस, एकेक चित्र घेत राहिले. मग ती फिल्म चालविली तेव्हा मिनिटभरात बी फुटले, कोंब वर आला, वेल झाला. या इवल्या चित्रपटाचे नाव 'अंकुराची वाढ'. आपण खानदेशातले लोक, कपाशीचा आणि केळीचा कोंब वर येताना दरसाल पाहतो. पण तो हलताना कोणाला दिसला आहे? सावकाराला तो हललेला दिसला आणि त्याने पैसे सोडले. अर्थात तेवढ्याने भागले नाही, सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. माझा एक गाववाला मित्र सध्या पुण्याला अ‍ॅनिमेशनचा अभ्यासक्रम करीत आहे. त्याच्या पहिल्या वर्षाची फी अशीच त्याच्या आईच्या पाटल्यांतून निघाली. शंभर वर्षांत या कलेची यंत्रे बदलली, भांडवल तेच राहिले.

सरस्वतीबाईंचे नाव पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. त्या काळी कोरी फिल्म येई तिच्या कडांना भोके नसत. ती अंधाऱ्या खोलीत यंत्राने पाडून घ्यावी लागत. चित्रपटाच्या पट्टीत एका फुटाला सोळा चित्रे बसतात आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना चार-चार भोके असतात, म्हणजे एका फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता. गुणाकार केला तर पावणेपाच लाखांच्या आसपास भोके होतात, आणि एक जरी वाकडे पडले तरी चित्र पडद्यावर थरथरते. हे काम सरस्वतीबाई रात्री करीत. दिवसा दादरच्या घरी साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, कपडे धुणे, उन्हात पांढऱ्या चादरी धरून प्रकाश परतविणे. तारामतीचे काम करायला स्त्री मिळेना तेव्हा दादासाहेबांनी त्यांनाच विचारले. हेही मी केले तर बाकीचे कोण करील, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि इतिहास घडला, तो सर्वांना ठाऊक आहे. मला गंमत वाटते ती सुरतेच्या खेळाची. तेथे पहिल्या दिवशी गल्ला जमला अवघा तीन रुपये. मग दादासाहेबांनी जाहिरात केली की तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे पाहा, दोन मैल लांबीचे चित्र पाहा, आणि लोक लोटले. ३,७०० फुटांना सोळाने गुणले तर ५९,२०० येतात; तेव्हा छायाचित्रांचा आकडा जवळपास खरा. दोन मैल मात्र प्रोफेसर केळफांचे! ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा भरत नाही.

त्याच वर्षी बिऱ्हाड नाशकाला हलले. १९१४ साली ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथेच राहून काम करण्याविषयी चांगल्या मोबदल्याची बोलणी आली, ती त्यांनी नाकारली. परत येतात तो महायुद्ध पेटलेले. भांडवलदारांनी हात आखडले, कोरी फिल्म दुर्मिळ झाली. 'आगकाड्यांची मौज' या दिवसांतली. फ्रान्समध्ये एमिल कोलने १९०८ सालीच आगकाड्या चालविल्या होत्या, तेव्हा कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. पण मला वाटते, आगकाडीच का, याचे उत्तर फाळक्यांच्या तिजोरीत आहे. तिला पगार नको, पोशाख नको, जेवण नको, आणि तिच्या मिशांचा प्रश्न नाही. (साळुंके प्रभृतींनी स्त्रीवेषासाठी मिशा काढाव्यात म्हणून दादासाहेबांना केवढी मनधरणी करावी लागली होती!)

हे काम किती चिकाटीचे असेल याचा अंदाज घ्यावा म्हणून मी आणि माझ्या खोलीतल्या मित्राने वसतिगृहात एक प्रयोग केला. टेबलावर काळा कागद, वर पुस्तकांच्या दोन चळतींवर आडवी पट्टी आणि तिला बांधलेला मोबाइल. दहा आगकाड्यांचा माणूस करून त्याला चार पावले चालवायचे. एप्रिल महिना, चोपड्याचे ऊन. पण पंखा लावला की माणसाचे हात-पाय उडून जात, म्हणून पंखा बंद. खिडकीतला उजेड तासातासाला बदले, म्हणून खिडकीही बंद. चार तास घाम गाळून ९६ चित्रे झाली. सेकंदाला बारा या वेगाने ती चालविली तर आठ सेकंदांत आमचा माणूस कागदाबाहेर निघून गेला. आम्हांला प्रत्येक चित्र त्या क्षणी पाहता येत होते, नको ते पुसता येत होते. दादासाहेबांना फिल्म धुऊन होईपर्यंत आपण काय केले ते दिसत नव्हते, आणि पुसण्याची तर सोयच नव्हती.

या करामतीचे पीक पुढे मोठ्या चित्रपटांत आले. १९१७ च्या 'लंकादहना'त मारुती आकाशातून उडाला आणि लंका पेटली. त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच होते. १९१८ च्या 'श्रीकृष्णजन्मा'त कंसाचे मस्तक धडावेगळे होऊन वर तरंगते. १९१९ च्या 'कालियामर्दना'त कृष्ण झाली ती त्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी. त्यातले सर्पाशी झुंजण्याचे दृश्य आजही पाहता येते. मी ते पाहिले आहे आणि ते बघताना हसू येत नाही.

१९१८ च्या आरंभी निघालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीतही भागीदारांशी पटले नाही. दादासाहेब रागाने काशीला निघून गेले, तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले, मग परत आले. नंतरचे दिवस उतरणीचे. बोलपट आला आणि 'सेतुबंधन' हा त्यांचा मूकपट मागाहून आवाज चढवून दाखवावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ साली त्यांनी 'गंगावतरण' केला, तो त्यांचा एकमेव खराखुरा बोलपट आणि शेवटचा चित्रपट. तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचा अंत झाला, त्या वेळी ज्या धंद्याला त्यांनी जन्म दिला तो त्यांना जवळजवळ विसरला होता. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू व्हायला १९६९ साल उजाडावे लागले.

'राजा हरिश्चंद्रा'चे काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केले आहेत. चित्रपट कसा तयार होतो हे दाखविण्यासाठी फाळक्यांनी केलेल्या एका छोट्या पटाचा तुकडाही शिल्लक आहे. त्यात ते स्वतः कामात गढलेले दिसतात. 'आगकाड्यांची मौज' मात्र कोठेच नाही. त्या काळची फिल्म ज्या द्रव्याची बनत असे ते कापसापासून तयार होई आणि आगकाडीसारखेच भडकन पेट घेई.