होमी भाभा, ट्रॉम्बे आणि घशाचा कर्करोग

माहुल गावाच्या पाठीशी ट्रॉम्बेची टेकडी आहे. अलीकडे तेलशुद्धीकरण कारखाने, पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. होमी भाभा म्हटले की आपल्याला अणुभट्टी आठवते. कर्करोगाशी त्यांच्या घराण्याचा संबंध मात्र अणुभट्टीच्या आधीचा.

होमींचा जन्म मुंबईत, 30 ऑक्टोबर 1909 चा. त्यांची आत्या मेहेरबाई ही सर दोराबजी टाटांची पत्नी. 1931 मध्ये ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. होमी तेव्हा केंब्रिजमध्ये शिकत होते. असे उपचार भारतात मिळावेत ही दोराबजींची इच्छा होती. त्यांच्या पश्चात 1941 मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले.

भाभांनी 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली, 1954 मध्ये ट्रॉम्बेचे केंद्र. तिथली अप्सरा ही देशातली पहिली अणुभट्टी 1956 मध्ये चालू झाली. 1962 मध्ये टाटा मेमोरियल भाभांच्याच अणुऊर्जा खात्याकडे आले. रुग्णालय अणुखात्याकडे कशाला, असे वाटेल. पण रेडिएशनसाठी लागणारे कोबाल्ट-60 अणुभट्टीतच तयार होते.

याचे मोल घशाच्या कर्करोगात कळते. स्वरयंत्राचा आजार वाढलेला असेल तर पूर्वी ते काढून टाकणे हाच खात्रीचा मार्ग होता. जीव वाचे, पण नैसर्गिक आवाज जाई आणि श्वास कायमचा गळ्यावरच्या छिद्रातून घ्यावा लागे. 1991 मध्ये अमेरिकेत 332 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला शस्त्रक्रिया व नंतर रेडिएशन, दुसऱ्याला आधी केमोथेरपी व मग रेडिएशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांत 68 टक्के रुग्ण जिवंत होते, आणि दुसऱ्या गटात 64 टक्के जणांचे स्वरयंत्र शाबूत होते. पुढे केमो आणि रेडिएशन एकत्र दिल्यास स्वरयंत्र अधिक टिकते असे दिसले.

तरी शस्त्रक्रिया मागे पडलेली नाही. गाठ कूर्चा भेदून बाहेर गेली असेल, तर बहुधा आजही तीच सुचवतात. शिवाय वाचवलेले स्वरयंत्र नीट चालेलच असे नाही. काहींना गिळताना ठसका लागतो, नळीने अन्न द्यावे लागते. म्हणून डॉक्टरांना केवळ आवाजाचे नव्हे, गिळण्याचेही विचारावे.

भाभांनी हे पाहिले नाही. 24 जानेवारी 1966 रोजी माँ ब्लां पर्वतावर विमान कोसळून ते गेले. ट्रॉम्बेत पुढे बनलेल्या कोबाल्ट यंत्राचे नाव भाभाट्रॉन आहे.