होकायंत्राच्या सुईमागचा हिशेब

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून ‘पस मॉथ’ जातीचे एक इंजिनाचे चिमुकले विमान टपालाची थैली घेऊन उडाले, तेव्हा वैमानिकाजवळ बिनतारी यंत्र नव्हते आणि खाली वाट दाखविणारी कोणतीही सोय नव्हती. नकाशा, घड्याळ व चुंबकीय होकायंत्र एवढ्या सामग्रीवर जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांना अहमदाबादमार्गे मुंबई गाठावयाची होती. दुपारी ते जुहूच्या मैदानावर उतरले. टाटांचे चरित्र सांगताना पोलाद, भांडवल आणि कारखाने यांचा पाढा वाचण्याची रीत आहे; आकाशात दिशा कशी ठरविली जाई, हा भाग दोन ओळींत उरकला जातो. वास्तविक या गृहस्थाचा स्वभाव तेथेच अधिक उघड होतो.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या जेआरडींचे बालपणीचे उन्हाळे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील आर्देलो येथे गेले. लुई ब्लेरियो यांचे घर तेथेच होते. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणाऱ्या या ब्लेरियोंजवळ त्या दिवशी होकायंत्रच नव्हते! धुक्यात काही मिनिटे त्यांना ना किनारा दिसत होता, ना दिशा कळत होती. त्यांचे धाडस पाहून भारावलेल्या मुलाने पुढे मात्र धाडसाला गणिताची जोड दिली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला वैमानिकाचा पहिला परवाना त्यांच्या नावावर आहे.

होकायंत्राची सुई सरळ उत्तर दाखविते, ही शालेय समजूत वैमानिकाला महागात पडते. सुई दाखविते ती चुंबकीय उत्तर. भौगोलिक उत्तरेशी तिचा कोन ठिकाणागणिक बदलतो. त्या काळी इंग्लंडात हा फरक दहा अंशांहून अधिक होता, तर मुंबईच्या परिसरात जवळजवळ नगण्य. शिवाय विमानातील लोखंड व विजेच्या तारा सुईला आपल्याकडे ओढतात. म्हणून विमान जमिनीवर निरनिराळ्या दिशांना फिरवून चूक मोजावयाची, लहान चुंबकांनी ती कमी करावयाची आणि उरलेली एका पत्रकावर नोंदवून वैमानिकासमोर लावावयाची, असा प्रघात पडला. (विजेचा हा उपद्रव मुंबईला ठाऊक होताच. विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ ते १९०६ या काळात अलिबागला हलवावे लागले होते.) एवढे करूनही सुई फसवितेच. उत्तरेकडे जाणारे विमान वळू लागले की ती मागे रेंगाळते. पूर्वेकडे जाताना वेग वाढविला की विमान उत्तरेस वळल्याचा भास निर्माण करते. त्यात बाजूचा वारा. साठ किलोमीटरांत एक अंशाची चूक म्हणजे सुमारे एक किलोमीटर वाट सोडणे. कराची ते अहमदाबाद हे अंतर सुमारे ६०० किलोमीटर. पाच अंशांची चूक दुरुस्त झाली नाही तर विमान पन्नास किलोमीटर बाजूला जाणार, आणि वाटेत कच्छच्या रणाचा ओळखीची खूण नसलेला पांढरा पसारा!

दोन वर्षे आधी, १९३० मध्ये, आगाखान यांनी इंग्लंड व भारत यांमधील एकट्याने केलेल्या उड्डाणासाठी ५०० पौंडांचे बक्षीस ठेविले होते. मनमोहन सिंग वाट चुकत, थांबत आले आणि मुदत हुकल्याने बक्षिसाला मुकले. त्यांच्या विमानाचे नाव ‘मिस इंडिया’. इंग्रजीत त्याचा अर्थ भारत हुकणे असाही होतो, याची थट्टा तेव्हा झाली. कराचीहून उलट दिशेने निघालेल्या जेआरडींना इजिप्तमधील अबुकिर येथे अस्पी इंजिनीयर हा अवघा सतरा वर्षांचा प्रतिस्पर्धी स्पार्क प्लगअभावी अडकलेला भेटला. त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. शर्यत अस्पींनी जिंकली. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

टपालसेवेसाठी टाटांनी प्रथम सरकारकडे अर्थसाहाय्य मागितले. ते मिळेना, तेव्हा वाहून नेलेल्या टपालाच्या वजनावर मिळेल तेवढेच घेण्याचे त्यांनी मान्य केले. नेव्हिल व्हिन्सेंट यांच्यासह उभारलेल्या या सेवेने पहिल्या वर्षी १५५ प्रवासी नेले आणि ६० हजार रुपये नफा मिळविला. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून येत, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

जोखीम पत्करणारा हा माणूस नागपूरच्या रात्रटपालाला मात्र अनुकूल नव्हता. १९४९ मध्ये दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांनी मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रासची विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र आणण्याची योजना सुरू केली. रात्रीच्या उड्डाणांसाठी आवश्यक साधने नाहीत, असे जेआरडींचे मत होते. योजना चालली, आणि तिचा लाभ विदर्भाला झाला. त्या काळात अरुंद लोहमार्गावर वसलेल्या वडशासारख्या गावांसाठी मुंबईच्या पत्राचा नागपूरपर्यंतचा प्रवास एका रात्रीचा झाला. तरीही जेआरडींच्या विरोधाला भित्रेपणा म्हणता येणार नाही. माहीत असलेली चूक पत्रकावर लिहून उड्डाण करता येते. मोजलीच नाही तिचे काय करावयाचे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

१९५३ च्या राष्ट्रीयीकरणास त्यांनी विरोध केला, आणि निर्णय झाल्यावर एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद पंचवीस वर्षे निष्ठेने सांभाळले. १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले. निर्णयाचा अधिकार सरकारचा होता. तो अमलात आणण्याची रीत मात्र अशोभनीय होती. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी ‘लेपर्ड मॉथ’ या जुन्या विमानातून कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. उपग्रहांच्या संकेतांवर चालणाऱ्या आजच्या प्रवासी विमानांतही, ते संकेत बंद पडले किंवा कोणी बिघडविले तर हाताशी असावे म्हणून, वैमानिकासमोर चुंबकीय होकायंत्र आणि त्याच्या चुकांचे पत्रक असतेच.