लुई जाक थेनार : फेस येणाऱ्या पाण्याचा शोध लावणारे शिक्षक



खरचटलेल्या गुडघ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की पांढरा फेस येतो. मुलं हमखास विचारतात, फेस का येतो? हे द्रव्य ज्यांनी पहिल्यांदा तयार केलं, त्यांनीसुद्धा रक्तामांसाजवळ नेल्यावर ते असं का उसळतं हे बारकाईने पाहिलं होतं. त्यांचं नाव लुई जाक थेनार.

थेनार यांचा जन्म 4 मे 1777 रोजी फ्रान्समधील ला लुप्तिएर नावाच्या खेड्यात झाला. वडील गरीब शेतकरी. तरी पोटाला चिमटा काढून त्यांनी मुलाला शिकवलं आणि सोळाव्या वर्षी औषधशास्त्र शिकायला पॅरिसला पाठवलं. ते दिवस फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीचे होते. पॅरिसमध्ये फुर्क्रुआ आणि वोकलँ हे रसायनशास्त्राचे मोठे शिक्षक. वोकलँ यांच्या प्रयोगशाळेत शिकायचं तर महिन्याला 20 फ्रँक फी. ती आणायची कुठून? वोकलँ यांच्या बहिणींना या मुलाची दया आली आणि त्यांनी भावाकडे शब्द टाकला. मग पडेल ते काम करायचं, भांडी धुवायची, चुलीवरच्या रश्श्यावर लक्ष ठेवायचं आणि त्या बदल्यात शिकायचं असं ठरलं, अशी आठवण सांगतात.

दोन-तीन वर्षांत हा पोरगा गुरुजींच्या जागी उभा राहून तास घेऊ लागला. 1804 मध्ये वोकलँ यांनी कॉलेज द फ्रान्समधली आपली प्राध्यापकाची जागा सोडली आणि ती थेनार यांना मिळावी म्हणून स्वतः खटपट केली. असे गुरू मिळणं हेही भाग्यच म्हणायचं.

थेनार यांची कामं पुष्कळ आहेत. चिनी मातीच्या भांड्यांसाठी त्यांनी कोबाल्टपासून स्वस्त आणि टिकाऊ निळा रंग बनवला. 1808 मध्ये गे-ल्युसॅक यांच्यासोबत बोरॉन हे मूलद्रव्य वेगळं केलं. रसायनशास्त्राचं चार खंडांचं पाठ्यपुस्तक लिहिलं, ते कित्येक वर्षं चाललं. पण मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते 1818 सालचं काम.

त्या वर्षी त्यांनी बेरियम पेरॉक्साइडवर आम्लाची क्रिया केली आणि पाण्यासारखं दिसणारं एक नवीन द्रव्य मिळवलं. त्यात साध्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन जास्त होता, म्हणून त्यांनी त्याला ऑक्सिजनयुक्त पाणी म्हटलं. हेच आपलं हायड्रोजन पेरॉक्साइड. तीव्र द्रव कातडीला लागला की ती पांढरी पडून चुरचुरते. चांदी किंवा प्लॅटिनमचा स्पर्श झाला की तो उसळतो आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. पुढे थेनार यांनी रक्तातलं फायब्रिन आणि प्राण्यांच्या शरीराचे काही भाग त्यात टाकून पाहिले. तिथेही तेच झालं! द्रव्याचं पाणी झालं, ऑक्सिजन निघून गेला आणि फायब्रिन मात्र जसंच्या तसं राहिलं. म्हणजे या जळजळीत द्रव्याला निकामी करणारं काहीतरी प्राण्यांच्या शरीरातच असतं. ते काय, हे कळायला मात्र पुढे ऐंशीच्या वर वर्षं लागली.

आता त्यांच्यावर ओढवलेला प्रसंग. वर्गात शिकवताना साखरेचं पाणी समजून त्यांनी चुकून मर्क्युरिक क्लोराइडचं द्रावण प्यायलं. हे पाऱ्याचं अत्यंत विषारी संयुग. घोट गिळताच त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी घाबरून न जाता विद्यार्थ्यांना अंडी आणायला सांगितलं. मुलं धावत सुटली, अंडी आली, आणि अंड्यांचं पांढरं पोटात गेल्यामुळे थेनार वाचले. या विषावर अंड्याचं पांढरं चालतं हे ऑर्फिला या विषतज्ज्ञांनी त्या काळात दाखवून दिलं होतं. पारा गंधक असलेल्या प्रथिनांना घट्ट चिकटतो. अंड्यातल्या प्रथिनाने त्याला पोटातच धरून ठेवलं, नाहीतर तो शरीराच्या पेशींतल्या प्रथिनांना चिकटला असता. पेशीत ग्लुटाथायोन नावाचा एक राखणदार रेणू असतो, पारा त्यालाही अडकवतो. मग ऑक्सिजनपासून बनणारी घातक द्रव्यं पेशीत साठतात. यालाच ऑक्सिडेशनचा ताण म्हणतात. थोडक्यात, कोंबडीच्या प्रथिनाने माणसाच्या पेशी राखल्या. (आज मात्र कुणी विषारी काही प्यायलं तर अंडी शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.)

पुढे थेनार यांना 1825 मध्ये बॅरन हा किताब मिळाला. शेवटच्या वर्षी, 1857 मध्ये, त्यांनी अडचणीत आलेल्या शास्त्रज्ञांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मदत करणारी संस्था स्थापन केली. ज्याची फी भरायची ऐपत नव्हती त्याला ही गरज कळणारच. 21 जून 1857 रोजी त्यांचं निधन झालं. 1865 मध्ये त्यांच्या गावाच्या नावाला थेनार हे नाव जोडलं गेलं.

त्यांनी पाहिलेल्या फेसामागचं प्रथिन म्हणजे कॅटालेज हे विकर. ऑस्कर लोव यांनी 1900 च्या सुमारास त्याला हे नाव दिलं. 1937 मध्ये सम्नर आणि डाउन्स यांनी गुरांच्या यकृतातून त्याचे स्फटिक मिळवले. आपल्या पेशी श्वसन करतात तेव्हा थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड रोजच तयार होतं. ते वाढलं तर डीएनए, स्निग्ध पदार्थ, प्रथिनं सगळ्यांना इजा होते. प्रयोगशाळेत माणसाच्या किंवा उंदराच्या पेशी वाढवताना गुरांचं हे कॅटालेज भोवतालच्या द्रवात घातलं, तर ते पेरॉक्साइडचं पाणी करतं आणि पेशी तगतात. 2016 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी याहून पुढचं केलं. टार्डिग्रेड नावाचा, जेमतेम अर्धा मिलिमीटरचा चिवट जीव आहे. त्याच्या डीसप या प्रथिनाचा जनुक त्यांनी माणसाच्या पेशींत घातला. क्ष-किरणांनी डीएनएची होणारी हानी सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाली. हे सगळं प्रयोगशाळेतल्या पेशींवर झालंय, माणसावरचं औषध अजून नाही, हे मुलांना सांगताना विसरू नका.

वर्गात दाखवायला टार्डिग्रेड नको, बटाटा पुरे. औषधाच्या दुकानातलं 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, बाटली आपल्याच हातात ठेवा. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर दोन-चार थेंब टाका, लगेच फेस येईल, कारण कॅटालेज बटाट्यातही असतं. मग चांगल्या उकडलेल्या फोडीवर टाका. तिथे फेस येत नाही. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते आणि त्याचं काम थांबतं. अंडं उकडल्यावर त्याचं पांढरं घट्ट होतं ना, तिथेही प्रथिनाची घडीच मोडलेली असते.